विचारून राहिलो

फेब्रुवारीत उन्हाळी धानाला इटियाडोह धरणाचं पाणी सुटलं आणि त्याच आठवड्यात चुन्नीलाल डोंगरवार पाठीवर भलीमोठी निळी बॅग बांधून अर्जुनी मोरगावच्या स्टेशनाकडे निघाले. रस्त्यात भेटलेल्या पहिल्या माणसाने विचारलं, "पंप घेऊन कोनाच्या बांधीत जाऊन राहिले? करपा आला काय?" दुसऱ्याने औषध कोणतं ते विचारलं. तिसऱ्याने तोंड उघडायच्या आतच चुन्नीलालांनी सांगून टाकलं की हा फवारणीचा पंप नाही, ही बॅग आहे, आणि आपण पोरीसंगं बँकॉकले जाऊन राहिलो. तो घटकाभर विचारात पडला आणि म्हणाला, "बरं, मंग येताना एक माचीस आनजा."

चुन्नीलाल म्हणजे पाटकरी. कालव्याच्या दारावर उभं राहून कोणाच्या धानाच्या बांधीत कधी आणि किती वेळ पाणी जाईल ते ठरवणारा सरकारी माणूस. पद लहान, पण फेब्रुवारी ते एप्रिल तालुक्यात त्यांच्याएवढा रामराम आमदारालाही मिळत नसे, आणि तेवढ्या शिव्याही. एकतीस वर्षं त्यांनी एकच नियम पाळला: पाणी पहिलं टेलला. टेल म्हणजे पाटाचं शेपूट, सगळ्यांत लांबचं शेत. ते भिजलं की त्याच्या अलीकडचं, मग त्याच्या अलीकडचं, आणि दाराला लागून असलेल्याचा नंबर सगळ्यांत शेवटी. जवळच्याला आधी दिलं तर तो दाराची फळी उघडीच ठेवतो आणि शेपटाकडचा कोरडा मरतो. चुन्नीलालांची स्वतःची दोन एकर नेमकी दाराला लागून. एका साली धरण अर्धंच भरलं. टेल भिजलं, मधलं भिजलं, आणि पाणी चुन्नीलालांच्या बांधीपर्यंत येणार तोच पाट बंद करायचा हुकूम आला. लोंब्या पोटातच वाळल्या. टेलच्या लोकांनी शाल-नारळ देऊन सत्कार केला. देवकाबाईंनी त्या वर्षी विकतचा तांदूळ निवडताना नवऱ्याचा जो सत्कार केला, तो गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू गेला.

हा नियम पाटावरच राहिला असता तर काही बिघडलं नसतं. पण चुन्नीलाल बोलायचेही तसेच. शेजाऱ्याकडे शिडी मागायला गेले तर सुरुवात शेजाऱ्याच्या आजोबांच्या दम्यापासून. मग आजोबांच्या भावाची गोष्ट, मग घर बांधलं तेव्हाची गोष्ट, मग छपराची, आणि अर्ध्या तासाने, चहा पिऊन झाल्यावर, शिडी. गल्लीतल्या बायांनी एक शिरस्ताच पाडला होता: चुन्नीलाल दारात दिसले की आधी चहा ठेवायचा आणि मग घरात काय काय मागण्यासारखं आहे ते आठवत बसायचं.

त्यांना एकच लेक, रश्मी. तेहतीस वर्षांची, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. तिचं भंडाऱ्यात लग्न झालं आणि तीन वर्षांत मोडलं. काऊन मोडलं ते तिने कोणाला सांगितलं नाही. त्यामुळे गल्लीची फार उपासमार झाली. मोडल्यावर ती दोन सुटकेसा घेऊन घरी आली आणि चार दिवस राहिली. पाण्याचेच दिवस होते. चुन्नीलाल पाटावरून यायचे, जेवायला बसायचे आणि तिला टेलच्या दोन भावांचं भांडण कसं मिटवलं ते सांगायचे. राह म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. पाचव्या दिवशी ती पुण्याला परत गेली. त्यांना वाटलं, शहाणी पोरगी आहे, नोकरी आहे, गेली. तिला काय वाटलं ते तिने सांगितलं नाही.

गेल्या मे महिन्यात चुन्नीलाल रिटायर झाले. तेव्हापासून ते ओट्यावर बसून घड्याळ बघायचे आणि आता अमक्याच्या बांधीत पाणी जात असेल असं भिंतीला सांगायचे. मग जानेवारीत रश्मीचा फोन आला. बाबा, माझ्यासंगं फिराले चला, बारा दिवस, तीन देश. हॉटेल-बिटेल नाही, पाठीवर बॅग आणि पायी पायी. तिकिटं मी काढते. देवकाबाईंचे गुडघे कधीचेच बसलेले, त्यांनी आपलं येणं जागेवरच रद्द केलं. पण नवऱ्याला मात्र त्यांनी ढकललंच, कारण त्यांच्या डोक्यात वेगळीच गोष्ट होती. नवेगावबांधकडच्या एका शाळेचे मुख्याध्यापक, शालीकराम गुरुजी, वय एक्केचाळीस, बायको वारलेली, पेन्शन पक्की, दात पक्के. त्यांनी निरोप धाडला होता की प्रतापगडच्या शिवरात्रीच्या जत्रेपर्यंत थांबतो. पण गुरुजी हा नुसता बहाणा. देवकाबाईंना लेक घरी पाहिजे होती. गुरुजीसोबत आली तर बरी, गुरुजीशिवाय आली तर आणखी बरी.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी नवऱ्याला समोर बसवून धडा दिला. "पयलं म्हना, घरी ये. मंग बाकीचं. 'घरी ये' म्हटल्याबिगर गुरुजीचं नाव काढू नका. समजलं काय?"

चुन्नीलालांनी मान हलवली. बारा दिवस होते. क्रमाने जाऊ, असं त्यांनी मनात ठरवलं.

बँकॉकच्या विमानतळावर त्यांचं पहिलं मत असं पडलं की इथं कोणी राहत नसावं. राहत्या माणसाची फरशी एवढी चकचकीत नसते. रस्त्यावर आल्यावर ते मत बदललं. माणसं होती, गाड्या होत्या, एकमेकींना चिकटून पाऊण तास उभ्या होत्या, आणि एकही गाडी भोंगा वाजवत नव्हती. गोंदियात एवढ्या वेळात दोन मारामाऱ्या आणि एक समझोता झाला असता. चुन्नीलालांनी हलक्या आवाजात लेकीला विचारलं, "कोनी मेलं काय इथं?"

राहायची जागा म्हणजे एक लांब खोली, त्यात आठ खाटा, एकीवर एक. चुन्नीलालांना ती सरकारी दवाखान्याच्या वॉर्डासारखी वाटली. वरच्या खाटेवर हातभर गोंदलेला एक जर्मन पोरगा होता, तो दिवसभर झोपून असायचा. चुन्नीलाल रोज सकाळी त्याला विचारायचे, "बरं वाटते ना आता?" तो अंगठा वर करायचा आणि आपल्या भाषेत यांची चौकशी करायचा. निरोप घेताना दोघंही एकमेकांच्या तब्येतीबद्दल निश्चिंत होते.

दर मोठ्या इमारतीसमोर खांबावर एक छोटं देऊळ होतं आणि देवापुढे लाल थंड्याची बाटली, तिच्यात नळी घातलेली. झाकण काढून, नळी लावून, म्हणजे देवाला नुसतं ओढायचं काम. हे चुन्नीलालांना फार आवडलं. आपल्याकडचा देव नारळ फोडून घेतो, पाणी सांडतं आणि उरलेलं पुजारी पितो, हा फरक त्यांनी रश्मीला समजावून सांगितला. ती खूप हसली. तिला असं हसताना त्यांनी कैक वर्षांत बघितलं नव्हतं, म्हणून पुढच्या तीन देवळांसमोर त्यांनी तेच पुन्हा सांगितलं.

मग कालवा आला. शहराच्या पोटातून जाणारा, काळ्या पाण्याचा, दोन्ही बाजूंनी घरं, आणि त्यातून सिटीबससारख्या होड्या धावतायत. चुन्नीलाल होडीच्या काठाला धरून बसले आणि दोन्ही किनारे बारकाईने तपासू लागले. कुठे दार नाही, फळी नाही, मोरी नाही.

"ह्या पान्यानं कोनाचं शेत भिजते?"

"कोनाचंच नाही, बाबा."

"मंग वाहते कायले?"

रश्मी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने, होडीच्या आवाजातून ऐकू जाईल अशा बेताने, विचारलं की तुम्हाला माझ्याशी काही बोलायचं आहे काय. चुन्नीलाल दचकले. फळी अशी एकदम उघडायची त्यांना सवय नव्हती. ते म्हणाले, हो तर, आणि सगळ्यांत लांबच्या टोकापासून सुरुवात केली: देवकाबाईंच्या मावसबहिणीच्या सासरी म्हैस व्याली होती, पण रेडा झाला होता.

संध्याकाळी फोनवर देवकाबाईंचं अर्धं कपाळ आणि बाकीचं छत दिसलं. बँकॉक कसं आहे वगैरे त्यांनी काही विचारलं नाही.

"विचारलं काय?"

"विचारून राहिलो," चुन्नीलाल म्हणाले.

आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या हिशेबाने काम चालू होतं. म्हशीनंतर दुसऱ्या दिवशी सानगडीचे साडू झाले, तिसऱ्या दिवशी आत्येभाऊ. चौथ्या दिवशी रेल्वेने सरहद्दीकडे निघाले तेव्हा ते नात्यातल्या निम्म्या शेताला पाणी देऊन बसले होते. देवकाबाई रोज तेच विचारायच्या आणि रोज तेच उत्तर मिळायचं. आपल्या बोलीची ही एक गंमत आहे. करत असणं आणि करायचं राहून जाणं, दोन्ही एका 'राहिलो'त बसतं. देवकाबाईंना त्यातलं एक ऐकू येत होतं.

सरहद्दीवर भलीमोठी नदी, नदीवर पूल, पुलाच्या पलीकडे लाओस नावाचा देश आणि त्याची राजधानी व्हिएनतिआन. हे शहर चुन्नीलालांना बघताक्षणी पटलं, कारण ते शहर वाटतच नव्हतं. साकोलीला थोडं झाडून-पुसून नदीकाठी नेऊन ठेवावं तसं. दुकानदार दुकानात झोपलेले, कुत्री रस्त्यात झोपलेली, आणि दोघांनाही उठवायची कोणाला घाई नाही. जेवायला बांबूच्या झाकणाच्या टोपलीत भात आला, तो एवढा चिकट की हाताने गोळाच तोडावा लागे. चुन्नीलालांनी चिमूटभर बोटांत मळून पाहिला, नाकाशी नेला. भात बिघडला की मुद्दाम असा केला, हे रश्मीने आत जाऊन विचारून यावं असा त्यांनी आग्रह धरला. मुद्दाम केला असं कळल्यावर त्यांनी तीन टोपल्या संपवल्या.

शनिवारी रश्मीने भाड्याची स्कूटर घेतली. ती पुढे, मागे हेल्मेट घातलेले चुन्नीलाल, डोक्यावर पातेलं पालथं घालून बसवल्यासारखे. शहर तासाभरात मागे पडलं आणि अचानक दोन्ही अंगांनी धानाची हिरवी रोवणी लागली. नुकतीच झालेली, अजून उभी न राहिलेली, बांध्यांत वीतभर पाणी. चुन्नीलालांनी लेकीच्या पाठीवर थाप मारून स्कूटर थांबवली, चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उतरले.

तिथं त्यांच्याच वयाचा एक माणूस फुटलेला धुरा बांधत होता. खेकड्याने भोक पाडलेलं, वरून माती टाकली की खालून पाणी झिरपायचं. चुन्नीलालांनी थोडा वेळ पाहिलं. मग राहवेना. बांधीत उतरून त्यांनी आतल्या बाजूने हात घातला, भोकाचं तोंड शोधलं, तिथं चिखलाचा गोळा कोंबला आणि टाचेने दणादण चेपला. पाणी बंद झालं. त्या माणसाने आपली सिगारेट त्यांना दिली. पुढचा अर्धा तास तो लाओ भाषेत आणि हे आपल्या झाडीबोलीत बोलत होते. कोणत्या वाणाला किती पाणी, वरचा शेतकरी कसा चोर असतो, सरकार कसं झोपलेलं असतं. दोघांना एकमेकांचं सगळं पटलं. मे महिन्यापासून चुन्नीलालांच्या चेहऱ्यावर जे सुतक बसलं होतं, ते त्या बांधीत उतरलं.

रश्मी धुऱ्यावर बसून हे बघत होती. ते पाय धुऊन तिच्याशेजारी येऊन बसले तेव्हा ती म्हणाली, "गावाची आठवन येऊन राहिली काय, बाबा?"

"येऊन राहिली."

"मलेबी."

फळी बोटभर वर आली होती, हे चुन्नीलालांसारख्या माणसाला कळलं नसतं तर नवल. देवकाबाईंनी शिकवलेलं वाक्य जिभेवर आलंसुद्धा. पण अजून मामाकडचं सगळं बाकी होतं, काकाचं घर बाकी होतं, आणि हातात एक आख्खं शहर आणि सहा दिवस होते. एकतीस वर्षांत मधलं शेत सोडून त्यांनी कधी दारापाशी उडी मारली नव्हती. ते म्हणाले, "तुया मामाच्या पोरानं मोबाइलचं दुकान टाकलं बरं का, वडश्याले."

"आनखी?"

"आनखी तुया काकानं बोअर मारली. अडीचशे फूट. पानी नाही लागलं."

"घरी काय?"

"घरी? घरी बरं आहे सगळं."

पायाशी पडलेला काडीचा तुकडा उचलून तिने पाण्यात टाकला. मग उठून म्हणाली, "चला."

सोमवारी ती एका चहाच्या दुकानात फोन घेऊन बराच वेळ बसली होती. चुन्नीलाल शहाळं पीत होते. त्यांनी विचारलं, हापिसचं काम काय? ती हो म्हणाली. थोड्या वेळाने फोन पिशवीत टाकत म्हणाली, झालं. चुन्नीलालांना बरं वाटलं, कारण त्या दिवशी त्यांनी मामाचं घर पुरं केलं होतं.

हनोईला बसने जायला आख्खा दिवस आणि वर एक रात्र लागली. सकाळी उतरले तर शहर दिसेनाच. पाऊस नाही, धुकं नाही, मधलंच काहीतरी, चाळणीतून पीठ पडावं तसं पाणी हवेत तरंगत होतं, आणि थंडी. त्यातून हळूहळू मोटरसायकली दिसू लागल्या. एक नाही, शंभर नाही. सगळा रस्ताच मोटरसायकलींचा, आणि थांबायचं नाव नाही. पलीकडे जायचं होतं. रश्मीने त्यांचा हात धरला आणि सांगितलं की थांबायचं नाही, पळायचं नाही, त्यांच्याकडे बघायचंही नाही, सावकाश चालत राहायचं, ते आपल्या बाजूने निघून जातात. चुन्नीलालांनी डोळे मिटले आणि चालले. दोन्ही अंगांनी वारं जात होतं. पलीकडच्या फुटपाथवर पाय लागला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. हात अजून लेकीच्या हातात होता. ती शाळेत जायची तेव्हापासून त्यांनी तिचा हात धरला नव्हता. मग पलीकडच्या बाजूला एक काहीतरी बघायचं राहिलं अशी थाप मारून त्यांनी तिला दोनदा परत नेलं.

जेवणाच्या जागा फुटपाथवरच, बसायला अंगणवाडीतल्या पोरांचे असावेत एवढाले प्लास्टिकचे स्टूल. चुन्नीलालांचे गुडघे कानाला लागले. वाटीत भात आला, तोही एवढासा. "एवढा भात तं आपल्याकडे कावळ्याले ठेवते," ते म्हणाले, आणि रश्मीने आपली वाटीही त्यांच्यापुढे सरकवली. ती फारशी जेवत नव्हती. हसत होती, पण बँकॉकसारखं नाही.

गुरुवारी दुपारी काकाचं घर संपलं. शेजारी संपले. घरची गायसुद्धा संपली. परतीचं विमान शनिवारी. शहराच्या मधोमध एक तलाव होता, त्याच्या काठावरच्या बाकावर दोघं बसली होती. चुन्नीलालांनी सवयीने पाळ न्याहाळली, पाणी सोडायचं तुडूम कुठे आहे ते शोधलं, सापडलं नाही. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आता दाराजवळच्याचा नंबर होता.

"बाई," ते म्हणाले, "घरी ये ना."

रश्मी पाण्याकडे बघत राहिली.

"सोमवारी सही केली, बाबा," ती म्हणाली. "इथंच नोकरी धरली मी. दोन वर्षं."

"इथं? ह्या गावात?"

"हो. शनिवारी तुमी एकटे जाल. मी विमानात बसवून देईन, पुढं कुठं काय करायचं ते कागदावर लिहून देईन. कागद दाखवला की लोक सांगतात."

"मले सांगतलं नाही."

"तुमी विचारायची वाट पाहून राहिली होती. कंपनीकडून सोमवारपर्यंत टाइम कायले मागितला असंन मी? तुमाले बारा दिवस घेऊन फिरून राहिली, ते देवाले थंडा पाजते म्हनून काय?" तिचा आवाज चढला नव्हता. "त्या धुऱ्यावर मी तुमाले तीनदा विचारलं. तुमी मले बोअर सांगतली."

"मी येऊनच राहिलो होतो ना," चुन्नीलाल म्हणाले. "टेलपासून."

यावर ती हसली. पण ते हसू बघण्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. "मी कुठं टेलवर आहे, बाबा? मी दारालेच लागून आहे. त्या टायमालेबी चार दिवस सुटकेसा न उघडता बसली होती. म्हटलं, एकदा राह म्हनतील. तेवढंच पाहिजे होतं."

अडला माणूस खिशात असेल ते काढतो, तसं चुन्नीलालांनी शालीकराम गुरुजींना काढलं. पेन्शन पक्की आहे, शिवरात्रीपर्यंत थांबतो म्हणाले, दात पक्के आहेत. हे बोलत असतानाच त्यांना कळत होतं की आपण काय बोलतोय, पण निघालेलं बोलणं शेवटपर्यंत गेलं. रश्मीने सगळं ऐकून घेतलं आणि त्यांची टोपी उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवली, कारण भुरभुर वाढली होती.

"ते रद्द नाही होत काय, सही?" त्यांनी विचारलं.

"होते."

ते तिच्या तोंडाकडे बघू लागले.

"पन आता मी नाही करत, बाबा."

संध्याकाळी देवकाबाईंचा फोन आला. रश्मी समोरच्या दुकानात त्यांच्यासाठी कानटोपी बघत होती. विचारलं काय, असं कपाळ म्हणालं. चुन्नीलाल म्हणाले, विचारून राहिलो. देवकाबाईंनी त्या दिवशी एक वाक्य जास्तीचं सांगितलं: मागची खोली सारवून घेतली आहे, तिची जुनी कपाटं पुसून ठेवली आहेत, हे तिला सांगा. चुन्नीलालांनी ते रश्मीला सांगितलं नाही.

शनिवारी तिने त्यांना विमानतळावर आणलं, पाया पडली, कागद त्यांच्या वरच्या खिशात ठेवून खिशाचं बटण लावलं. कागदावर मराठीत मोठ्या अक्षरांत सगळं लिहिलं होतं, खाली तेच इंग्रजीत. एकही पायरी चुकली नव्हती. चुन्नीलाल कुठेही हरवले नाहीत. हरवावं असं त्यांना वाटत होतं, पण कागद फारच नीट लिहिलेला होता.

विमानात, मग पुण्याहून रेल्वेत, मग गोंदियाहून पॅसेंजरमध्ये त्यांना विचार करायला दीड दिवस मिळाला. खरं कसं सांगायचं ते त्यांनी ठरवून ठेवलं. आधी म्हैस, मग साडू, मग तो धुरा, मग सोमवार, आणि शेवटी आपली चूक. सौंदडला गाडी थांबली तेव्हा त्यांचं पाठ झालं होतं.

देवकाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलंच नाही. त्याच्या मागे, रिक्षाकडे, रिक्षावाला पैसे घेऊन वळेपर्यंत बघत राहिल्या.

"विचारलं होतं," चुन्नीलाल म्हणाले. "नाही म्हनाली."

आयुष्यात पहिल्यांदा ते थेट मुद्द्यावर आले होते. दोन्ही वाक्यं खरी होती. विचारलंही होतं आणि ती नाहीही म्हणाली होती. फक्त मधला सोमवार तेवढा गळला होता. देवकाबाई आत गेल्या, आणि मागच्या खोलीचं दार लोटल्याचा आवाज आला.

त्यानंतर गल्लीला वर्षभर पुरेल एवढं खायला मिळालं. बापाला विमानाने नेलं, देश दाखवले आणि तिकडेच त्याला सोडून दिलं. बापाने हात जोडले तरी नाही म्हणाली. काळीज आहे की दगड आहे. हात जोडल्याचं कोणी घातलं कोण जाणे, पण ते चांगलं बसलं, म्हणून राहिलं. गुरुजींनी होळीच्या आधी सडक अर्जुनीची पोरगी केली. लोक ओट्यावर येऊन बसतात, चुन्नीलालांना विचारतात, मग ते बँकॉक सांगतात, थंडा पिणारा देव सांगतात, चिकट भात सांगतात, सिगारेट देणारा शेतकरी सांगतात. आणि हनोई, असं कोणी विचारलं तर म्हणतात, तिथं पानी होतं, दिसलं नाही. मधेच आतून देवकाबाईंचा आवाज येतो, पुरे झालं तिचं कौतुक. कोणी रश्मीला दगड म्हणतं. चुन्नीलालांचं तोंड उघडतं, आणि ते तपकीर ओढतात.

रश्मी दर रविवारी सकाळी फोन करते. देवकाबाई तो घेत नाहीत. पोळपाटावरचा हात न थांबवता म्हणतात, मी झोपली म्हना. मग चुन्नीलाल फोन घेऊन अंगणात जातात.

परवाच्या रविवारी तिने विचारलं, "बाबा, आईले सांगतलं ना सगळं? सोमवारचं?"

"सांगतलं."

"मंग बोलत काऊन नाही ती माह्याशी?"

चुन्नीलाल चिंचेच्या झाडाकडे बघत राहिले. पलीकडून लेकीचा श्वास ऐकू येत होता, आणि आतून लाटण्याचा आवाज. ते म्हणाले, आवाज नीट येऊन नाही राहिला, आणि फोन कापला. आत आले तर देवकाबाईंनी मान वर न करता विचारलं, काय म्हनत होती. ते म्हणाले, काही नाही. देवकाबाईंनी पोळी तव्यावर टाकली.